बंद ठेवण्याची वेळ

‘शटडाऊन’ हा शब्द आपल्या शहरातील माणसाला समजावून सांगावा लागत नाही. जायकवाडीहून येणाऱ्या जलवाहिनीची दुरुस्ती निघाली की वर्तमानपत्रात चौकट येते, अमुक वाराचे पाणी तमुक वारी येईल असे कळते आणि घरोघरी पिंपे, घागरी, पातेली भरून ठेवण्याची लगबग सुरू होते. विजेच्या तारांवर आलेल्या फांद्या छाटायच्या असल्या तरी तोच प्रकार. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत तर शटडाऊन ही वर्षाच्या दिनदर्शिकेत आधीच मांडून ठेवलेली गोष्ट असते. ज्याच्यावाचून चालत नाही तेच काही तास थांबवावे लागते आणि त्या काही तासांची तयारी कित्येक दिवस आधी करावी लागते, हे येथे कोणालाही ठाऊक असते. तरीही शाळेच्या वायफायची सुरक्षापद्धती बदलायची असून त्यासाठी ते काही वेळ बंद ठेवावे लागेल, असा विषय गेल्या वर्षी बैठकीत निघाला तेव्हा तो सर्वांना किरकोळ वाटला. “रात्रीतून करून टाका, सकाळी सुरू झाले म्हणजे झाले,” असे एक सभासद म्हणाले आणि चर्चा स्नेहसंमेलनाच्या मंडपाकडे वळली.

मी या शाळेच्या वसतिगृहात वाढलो आणि पुढे संगणकजाळ्यांची देखभाल हीच माझी उपजीविका झाली. त्यामुळे हे काम ओघानेच माझ्याकडे आले. या स्मरणिकेत माझे सहाध्यायी पहाटेच्या वंदनेविषयी, भोजनगृहातील पिठल्याविषयी, गुरुजनांविषयी लिहितील आणि ते माझ्याहून सरस लिहितील. मी या तीन तासांच्या बंदविषयी लिहितो, कारण त्याची आखणी करताना आजची शाळा मला जितकी जवळून पाहता आली तितकी एरवी पाहता आली नसती.

प्रथम जुनी स्थिती सांगतो. शाळेत वायफाय आले तेव्हा एकच पासवर्ड ठेवण्यात आला आणि तो पुढे कधी बदलला गेला नाही. बदलायचा म्हटले की ज्यांच्या यंत्रात तो भरलेला आहे त्या प्रत्येकाकडे जाणे आले. पासवर्ड कार्यालयातील कपाटाच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेला होता. भोजनगृहात तो धान्याच्या कोठीवर होता. शाळा सोडून गेलेल्या शिक्षकांना तो पाठ होता, पाहुण्यांना तो सांगितला जाई आणि फाटकाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानातही तो माहीत होता. कुलूप होते, पण किल्ल्या सगळ्या गावाकडे होत्या.

त्यातच जाळे जुन्या, मिश्र पद्धतीवर चालत होते. वायफायची सुरुवातीची सांकेतिक पद्धती 2001 मध्येच दुबळी ठरली होती. तिची तात्पुरती डागडुजी 2003 मध्ये आली, अधिक भक्कम पद्धती 2004 मध्ये आली. आपले जाळे भक्कम पद्धती जाणत असूनही एखाद्या जुन्या यंत्राची अडचण होऊ नये म्हणून डागडुजीची पद्धतीही चालू ठेवून होते. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये बेल्जियममधील लूवेन विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या भक्कम पद्धतीतील हस्तांदोलनातच, म्हणजे यंत्र आणि जाळे यांची पहिली ओळख पटते त्या टप्प्यातच, उणीव असल्याचे दाखवून दिले. ती उणीव सॉफ्टवेअर अद्ययावत करून भरून निघत होती. परंतु आपले ॲक्सेस पॉइंट इतके जुने की त्यांच्यासाठी नवे सॉफ्टवेअर निघणेच थांबले होते. 2018 मध्ये तिसऱ्या पिढीची पद्धती जाहीर झाली. ती जाणणारी नवी यंत्रे माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून घेता आली आणि बदलाचा मार्ग मोकळा झाला.

बैठकीत एका ज्येष्ठ पालकांनी विचारले, “आपल्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मी नवी मुंबईच्या उदाहरणाने दिले. 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांकडे धमकीचा ई-मेल गेला होता आणि त्याचा माग काढीत पोलीस सानपाड्यातील एका सदनिकेपर्यंत पोहोचले. तेथे राहणाऱ्या परदेशी गृहस्थांचा त्या कटाशी काही संबंध नव्हता. त्यांचे वायफाय उघडे होते आणि त्याचा वापर भलत्यानेच केला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका कंपनीच्या जाळ्याचा असाच गैरवापर झाला. पुढे मुंबई पोलिसांनी उघडी जाळी शोधण्याची मोहीम काढली आणि 2009 मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याविषयी सूचना दिल्या. आपल्याकडे चोरण्यासारखे काही नसेलही, पण आपल्या दारातून कोण ये-जा करतो याचे उत्तर आपल्याला द्यावे लागते. वसतिगृहात अडीचशे लेकरे झोपतात, त्या घराला तर ते द्यावेच लागते. आपल्या वस्तीतल्या पोरांकडे संशयाने पाहायला लोकांना फारसे निमित्त लागत नाही, हेही मी तेथे बोललो. त्यावर अधिक स्पष्टीकरण कोणी मागितले नाही.

नव्या जाळ्याला नाव काय द्यावे, या एकाच मुद्द्यावर मात्र प्रत्येकाला मत होते. शेवटी ‘नागसेन’ हे नाव ठरले. 1950 मध्ये बाबासाहेबांनी या शहरात महाविद्यालय काढले, त्याला पुढे मिलिंद हे नाव लाभले आणि त्याचा परिसर नागसेनवन झाला. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू, दोघांची नावे त्या भूमीवर शेजारी शेजारी आली. मिलिंदप्रश्नात विज्ञानाचे लक्षण सांगताना नागसेन नगररक्षकाचा दाखला देतात. नगराच्या मध्यभागी चौकात बसलेला रक्षक पूर्वेकडून, दक्षिणेकडून, पश्चिमेकडून, उत्तरेकडून येणाऱ्या प्रत्येक माणसाला पाहतो. अंगुत्तर निकायात सीमेवरच्या नगराचा द्वारपाल येतो. तो शहाणा असतो, अनोळख्यांना अडवतो, ओळखीच्यांना आत सोडतो. तथागतांनी त्याची तुलना स्मृतीशी केली आहे. जुन्या आणि नव्या व्यवस्थेतील फरक मला यापेक्षा सोपा करून सांगता आला नसता. आतापर्यंत आपला द्वारपाल माणूस ओळखत नव्हता, फक्त एक परवलीचा शब्द ओळखत होता. तो शब्द उच्चारील तो आत. आता प्रत्येक शिक्षकाला आणि कर्मचाऱ्याला स्वतःचे नाव आणि स्वतःचा पासवर्ड असणार होता. कोणी नोकरी सोडून गेला तर केवळ त्याचे नाव काढायचे, इतरांना धक्का लागत नाही.

येथपर्यंत विषय यंत्रांचा होता. खरे काम पुढे होते. प्रत्यक्ष बदलाला अर्धा तासही पुरतो. वेळ लागतो तो त्यानंतर. जाळ्याची सुरक्षापद्धती बदलली की पूर्वीची ओळख विसरून प्रत्येक यंत्राची नव्याने ओळख करून द्यावी लागते. मोबाईलवर ते दोन मिनिटांचे काम. पण ज्या यंत्राला पडदाच नाही, त्याचे काय? हजेरीचे बोटांचे ठसे घेणारे यंत्र, कार्यालयातील प्रिंटर, फाटकावरचा कॅमेरा, पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणारे उपकरण; यांतील प्रत्येकापाशी शिडी, पेचकस आणि माहितीपुस्तिका घेऊन जावे लागते. म्हणून आधी मोजणी हवी. शाळेच्या नोंदवहीत जितकी यंत्रे होती त्यापेक्षा कितीतरी अधिक यंत्रे प्रत्यक्ष जाळ्यावर दिसत होती. काही शेजारच्या दुकानांची निघाली. काही माजी विद्यार्थ्यांची, जे रविवारी मैदानावर क्रिकेट खेळायला येतात (त्यांची नावे मी येथे देत नाही, ते ही स्मरणिका वाचणार आहेत). एका यंत्राचा मात्र काही केल्या पत्ता लागेना. ते रोज संध्याकाळी मुलींच्या वसतिगृहाच्या बाजूला जागे होई आणि रविवारी तासन्‌तास चालू असे.

तो एक जुना टॅब होता. अधीक्षिकाताईंच्या खोलीत, खिडकीपाशी, लाकडी पाटावर टेकवून ठेवलेला. एका सेवानिवृत्त शिक्षिकेने दिलेला, म्हणून शाळेच्या नोंदवहीत नाही. मुलींना मोबाईल बाळगण्याची परवानगी नाही आणि ते योग्यच आहे. ज्यांचे आईवडील ऊसतोडीला गेले आहेत, त्या मुली या टॅबवरून त्यांच्याशी बोलतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची गाडी येते, उचल घेतलेली असते, कोयता निघतो. मग मार्च-एप्रिलपर्यंत कधी सांगली-कोल्हापूर, कधी कर्नाटक, फडाशेजारच्या कोपीत संसार. आजी-आजोबा असले तर धाकटी भावंडे गावी राहतात, नसले तर बरोबर जातात. थोरली मुलगी शिकावी म्हणून येथे ठेवलेली असते. तिला आईचा चेहरा दिसतो तो या टॅबच्या तडा गेलेल्या काचेत. वसतिगृहाच्या जाड भिंतींआड मोबाईलची रेंज पोहोचत नाही, म्हणून तो टॅब वायफायवरच चालतो. आणि तो इतका जुना आहे की तिसऱ्या पिढीची सुरक्षापद्धती त्याला येत नाही.

म्हणजे ठरल्याप्रमाणे रात्रीतून बदल केला असता तर सकाळी कार्यालय सुरळीत चालले असते, शिक्षक जोडले गेले असते, आणि फक्त तो टॅब मुका झाला असता. त्याची तक्रार घेऊन बैठकीत येणारे कोणी नव्हते. मुलींना वाटले असते, आईने फोन केला नाही. आईला वाटले असते, पोरगी फोन उचलत नाही.

जुन्या यंत्रांसाठी दोन्ही पिढ्या एकाच जाळ्यावर चालू ठेवण्याची सोय असते. पण अशा मिश्र व्यवस्थेत नव्या यंत्रालाही फसवून जुन्या पद्धतीकडे ओढता येते, हे 2019 मध्ये संशोधकांनी दाखवले आहे. म्हणून आम्ही ‘नागसेन’ शुद्ध नव्या पद्धतीवर ठेवले आणि जुन्या उपकरणांसाठी एक छोटे, वेगळे जाळे काढले. ते दुसऱ्या पिढीच्या पद्धतीवर चालते, त्यावर डागडुजीची पद्धती नाही, त्याचा पासवर्ड दोघांनाच ठाऊक आहे आणि त्यावरून कार्यालयाच्या संगणकांपर्यंत जाता येत नाही. मुलींनी त्याचा पासवर्ड मराठीत ठेवा असा आग्रह धरला. देवनागरी अक्षरे त्यात चालत नाहीत, पण रोमन लिपीतली 8 ते 63 अक्षरे चालतात, तेव्हा रोमन लिपीत एक लांबलचक मराठी वाक्य ठरले. ते काय, हे अर्थात सांगत नाही.

आता दिवस ठरवायचा. सर्वांचे पहिले बोट दिवाळीच्या सुट्टीवर गेले. शाळा रिकामी, कार्यालय बंद, कोणाचा खोळंबा नाही. अधीक्षिकाताई म्हणाल्या, “शाळा रिकामी असते. वसतिगृह नसतं.” दिवाळीत घरी जायचे तर घराला कुलूप नसावे लागते. ज्यांचे आईवडील नेमके त्याच सुमारास फडावर गेलेले असतात, त्या मुली सुट्टीतही येथेच राहतात आणि त्या दिवसांत टॅबची सर्वाधिक गरज त्यांनाच असते. शिवाय सुट्टीत बदल केला तर तपासायला माणसे नाहीत. शाळा उघडण्याच्या दिवशी सगळ्या अडचणी एकदम अंगावर यायच्या. कारखान्यातही हेच दिसते. यंत्र बंद करायला सुट्टी बरी, ते पुन्हा नीट चालते की नाही हे कळायला मात्र कामाचा दिवस लागतो.

डिसेंबरचा पहिला आठवडा सोडला, कारण महापरिनिर्वाण दिनासाठी निम्मा कर्मचारी वर्ग चैत्यभूमीला जातो. पौर्णिमेचे उपोसथ टाळले. शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत असलेले दिवस टाळले. त्या दिवसांत राज्याचे संकेतस्थळ आधीच इतके संथ असते की दोष आपल्या जाळ्यावर यायचा. जानेवारीत नामविस्तार दिन, मग स्नेहसंमेलन, मग दहावीच्या तोंडी परीक्षा. शुक्रवार आमच्या व्यवसायात वर्ज्यच, कारण शुक्रवारी बिघडलेले शनिवार-रविवार भोगावे लागते. सोमवारी सगळ्यांनाच घाई. उरले मंगळवार आणि बुधवार.

वेळ ठरली ती अधीक्षिकाताईंच्या वहीवरून. नव्या यंत्रणेत कोणत्या घटकेला किती यंत्रे जोडली होती याचे सुबक आलेख निघतात, तेही मी पाहिले होते. पण आलेखात जोडले गेलेले यंत्र दिसते, न लागलेला फोन दिसत नाही. ताईंनी शंभर पानी वहीत तीन हंगाम लिहून ठेवले आहे: कोणाचा फोन आला, किती वाजता, बोलणे झाले की तुटले, मुलगी त्या वेळी कोठे होती. फडावरचा फोन घड्याळावर येत नाही. गाडी भरून कारखान्याकडे गेली, मुकादमाच्या मोबाईलला चार्जिंग असले, की येतो. तरीही वहीतून एक रीत दिसत होती. रविवारी दिवसभर. इतर दिवशी संध्याकाळी सात ते साडेनऊ. क्वचित दुपारी दोनच्या पुढे, जेवणाच्या सुट्टीत. मंगळवारी सकाळी दहा ते एक या वेळेत तीन हंगामांत एकही नोंद नव्हती. त्या वेळी मुली वर्गात असतात आणि कोयता फडात असतो. डिसेंबरच्या मध्यावरचा मंगळवार, दहा ते एक, असे ठरले. कार्यालयाचा भाग त्याच दिवशी साडेचारनंतर.

येथे विनयपिटकाची आठवण झाली. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी भिक्खूसंघाच्या सभानियमांकडे लक्ष वेधले होते. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी या संसदीय रीती भारताला परक्या नाहीत, हे त्यांना दाखवायचे होते. त्या नियमांत महत्त्वाच्या कामासाठी एक पद्धती आहे: आधी ज्ञप्ती, म्हणजे प्रस्तावाची सूचना, आणि मग तीन वेळा घोषणा. ज्याला मान्य असेल त्याने मौन राखावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. तीन वेळा कशाला, असे विद्यार्थिदशेत मला वाटे. एकदा सांगितले म्हणजे झाले की. पण त्याच विनयात दुसरेही एक कलम आहे आणि ते मला अधिक मोलाचे वाटते. आजारी भिक्खू उपोसथाला येऊ शकत नसेल तर त्याने आपली संमती दुसऱ्याबरोबर पाठवावी. तेही शक्य नसेल तर त्याला मंचकासह सभेत आणावे. हलवल्याने आजार बळावणार असेल तर संघाने त्याच्याकडे जावे. अपुऱ्या संघाने काम उरकू नये. मौन म्हणजे संमती हा नियम सभेत बसलेल्यांसाठी आहे. जो सभेत येऊच शकला नाही, त्याच्या मौनाला संमती समजायचे नाही.

आमच्या बैठकीत न येणारे कोण कोण होते? भोजनगृहातील मावशी, फाटकावरचे मामा, वसतिगृहातील मुली, आणि त्यांचे आईवडील. म्हणून एक ज्ञप्ती आणि तीन घोषणा करायच्या, आणि ज्याच्यापर्यंत घोषणा पोहोचत नाही त्याच्याकडे जायचे, असे ठरले. मुख्याध्यापक सरांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी तिचा उल्लेख परिपाठातही केला.

कार्यालयाने काढलेल्या पहिल्या सूचनेचा मजकूर असा होता: ‘बिनतारी जाळ्याच्या सुरक्षाप्रणालीच्या अद्ययावतीकरणास्तव सेवा खंडित राहील याची संबंधितांनी नोंद घ्यावी.’ ती भोजनगृहात वाचून दाखवली तेव्हा मावशींनी हातातले लाटणे खाली ठेवले. “म्हंजे पोरींचा फोन लागायचा न्हाई, एवढंच ना? मग तसंच लिवा की.” तसेच लिहिले. पालकांसाठी लेखी सूचनेऐवजी आवाजी संदेश काढला, कारण अनेकांना वाचण्यापेक्षा ऐकणे सोपे जाते. संदेश अधीक्षिकाताईंच्या आवाजात होता, तो आवाज सर्व पालक ओळखतात. त्याचे दोन भाग होते. पहिल्यात शाळा आणि वसतिगृह नेहमीप्रमाणे चालू राहील, काळजी नसावी, असे होते. दुसऱ्यात मंगळवारी सकाळी दहा ते एक बंद राहील, तातडीचे असेल तर ताईंच्या मोबाईलवर फोन करावा, असे.

दुसरी घोषणा गेल्यानंतर, रविवारी रात्री, ताईंचा मोबाईल वाजला. बीड जिल्ह्यातले एक गृहस्थ कर्नाटकातील एका फडावरून बोलत होते. त्यांची मुलगी सातवीत आहे. टोळीच्या गटावर कोणी तरी संदेशाचा दुसराच भाग पुढे पाठवला होता. मंगळवारी बंद राहील, इतकेच त्यांनी ऐकले होते आणि शाळाच बंद होते आहे असे समजले होते. मुलीला न्यायला यायचे म्हणून त्यांनी मुकादमाकडे दोन दिवसांची रजा आणि गाडीभाडे मागितले होते. मुकादमाने पैसे द्यायचे कबूल केले होते, पण ते उचलीत वाढणार होते. “ताई, साळा बंद झाल्यावर पोरगी ठिवू कुठं मी? इथं आणली तर ती बी कोयत्यालाच लागंल.” ताईंनी त्यांना दोनदा समजावून सांगितले. मग मुलीला उठवून आणले आणि तिच्याशी बोलणे करून दिले, तेव्हा त्यांची खात्री पटली.

घोषणा तीन वेळा का, हे मला त्या रात्री उमगले. पहिली ऐकली जाते, दुसरी चुकीची समजली जाते आणि तिसरीच्या आधी माणसाला विचारायला वेळ मिळतो. सोमवारी तिसरा संदेश काढला तो एकाच वाक्याचा, तोडता न येणारा: शाळा चालू आहे, मुली सुखरूप आहेत, फक्त मंगळवारी सकाळी टॅबवर फोन लागणार नाही, संध्याकाळी नेहमीसारखा लागेल. त्यात ‘बंद’ हा शब्दच ठेवला नाही.

मंगळवारच्या कामाविषयी फार लिहिण्यासारखे नाही, आणि तसे नसणे हेच चांगल्या आखणीचे लक्षण मानले जाते. आदल्या पंधरवड्यात जुने आणि नवे जाळे शेजारी शेजारी चालवून शिक्षकांना सवडीने नव्याकडे यायला सांगितले होते. अर्थात निम्मे लोक शेवटच्या दिवशीच आले. परतीची वाटही आखलेली होती. जुनी मांडणी जशीच्या तशी जपून ठेवली होती आणि साडेबारा वाजता थांबून मागे फिरायचे की पुढे जायचे हे ठरवायचे, तेही मुख्याध्यापकांनी, मी नव्हे, असे कागदावर लिहिले होते. जो माणूस शिडीवर उभा असतो त्याला नेहमीच वाटते, आणखी दहा मिनिटांत होईल. निर्णय खाली उभ्या असलेल्या माणसाने घ्यावा.

साडेबारा वाजता टॅब, कॅमेरा आणि पाण्याच्या टाकीचे उपकरण जोडले गेले होते. हजेरीचे यंत्र मात्र अडले. आमचे लांबलचक मराठी वाक्य त्याच्या पडद्याआडच्या जागेत मावत नव्हते. सरांनी विचारले, “हजेरी कागदावर घेता येईल का?” घेता येईल. “मग मागे जायचे कारण नाही.” मस्टर निघाले आणि दोन दिवस जुन्या रीतीने सह्या झाल्या. नंतर त्या यंत्राला तार ओढून दिली. मला विचाराल तर एका जागी खिळलेल्या यंत्राला तारच बरी, वायफाय त्याच्या वाट्याला येण्याचे कारणच नव्हते.

बारा वाजून पन्नास मिनिटांनी टॅबवरून पहिला चाचणीचा फोन भोजनगृहातील मावशींच्या मोबाईलवर लावला. मावशींनी तो भिंतीकडे तोंड करून घेतला, त्यामुळे आम्हाला त्यांच्या कानातली कुडीच दिसत राहिली. संध्याकाळी सात वाजता खिडकीपाशी रांग लागली. वहीत त्या दिवसाच्या नोंदी इतर कोणत्याही मंगळवारसारख्या आहेत. एक फोन तुटला, तो मात्र फडावरच्या रेंजमुळे.

जुन्या उपकरणांचे ते छोटे जाळे अजून चालू आहे आणि ते कायम ठेवण्यासारखे नाही. टॅब बदलला की त्याची गरज संपेल. नव्या टॅबचा खर्च एका माजी विद्यार्थिनीने उचलला आहे. ते जाळे बंद करण्यासाठी मे महिना सुचवला गेला, कारण तोवर टोळ्या गावी परतलेल्या असतात आणि मुली घरी गेलेल्या असतात. पण काही कारखान्यांचे गाळप लांबते, तेव्हा तारीख अजून ठरलेली नाही. वही पाहून सांगते, असे ताई म्हणाल्या आहेत.